दख्खनच्या लांडग्याचे दप्तर

सावेडी आज अहिल्यानगर शहराचे उत्तरेकडचे मोठे उपनगर आहे. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रोड, पाइपलाइन रोड, बंगले, दवाखाने, शिकवणी वर्ग अशी त्याची ओळख. दोनशे वर्षांपूर्वी ते नगरच्या कोटाबाहेरचे शेतकऱ्यांचे गाव होते. जवळून सीना वाहत होती आणि शिवार संपले की पिंपळगाव माळवी, डोंगरगणच्या दिशेने माळ लागत होता. काळा खडक, मुरूम, कुसळी गवत, मधूनमधून हिवर, बाभूळ, तरवड. या माळावर मेंढरांचे कळप चरत आणि कळपांच्या मागावर लांडगे असत.

या लांडग्याचे नाते कोणाशी? युरोपातल्या लांडग्याचा तो भाऊ, की चुलत घराण्यातला? गावकुत्रा त्याच्याच वंशातला का? 1831 पासून जीवशास्त्रज्ञांनी या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत आणि प्रत्येक उत्तराचा कागद आज उपलब्ध आहे. ते कागद ज्या क्रमाने लिहिले गेले त्याच क्रमाने वाचले, की एका प्राण्याचा इतिहास तर कळतोच, शिवाय सजीवांची नाती ठरवण्याची पद्धत कशी घडत गेली तेही दिसते.

पहिला कागद: 1831

1818 साली पेशवाई संपली, नगरचा वेगळा जिल्हा झाला आणि कॅप्टन हेन्री पॉटिंजर तिथला पहिला कलेक्टर म्हणून आला. नव्या मुलखात माणसे किती, जमीन कशी, पिके कोणती, भाव काय, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. त्यासाठी मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ऑक्टोबर 1824 मध्ये विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याला सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. साइक्स वर्षानुवर्षे दख्खनमध्ये फिरला. जमीनधारणा, लोकसंख्या, पाऊस, खडक यांबरोबर त्याने पशू, पक्षी, मासे यांच्याही नोंदी ठेवल्या. डिसेंबर 1829 मध्ये सरकारने हे पदच रद्द केले. तरीही त्याने परवानगी मागून काम चालू ठेवले, जानेवारी 1831 मध्ये ते पुरे केले आणि मग तो विलायतेला निघाला.

त्याच वर्षी लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात दख्खनच्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी छापली गेली. पृष्ठे 99 ते 106, म्हणजे अवघी आठ पाने. तिच्यात लांडग्याला त्याने ‘कॅनिस पॅलिपेस’, फिकट पायांचा कुत्रवर्गीय, असे नवे शास्त्रीय नाव दिले. सोबत मराठी नावही नोंदवले. प्रत्येक प्राण्यापुढे मराठे त्याला काय म्हणतात ते लिहिण्याची त्याची रीत होती. त्यामुळे लॅटिन वर्णन संदिग्ध असले तरी तो कोणत्या जनावराबद्दल बोलत आहे याविषयी आज शंका राहत नाही.

या नोंदीतली एक गोष्ट फार मोलाची आहे. लांडगे दख्खनच्या उघड्या, खडकाळ माळावर पुष्कळ आहेत, घाटातल्या रानात मात्र ते भेटत नाहीत, असे साइक्स सांगतो. दख्खनचा लांडगा हा जंगलाचा नव्हे, माळाचा प्राणी आहे, याची ही 1831 सालची लेखी साक्ष आहे.

साइक्सचा नमुना नेमका कोणत्या गावचा? यादीत ‘दख्खन’ एवढेच आहे. माशांवरच्या आपल्या लेखात तो भीमेकाठचे पेडगाव, म्हणजे आजच्या श्रीगोंदा तालुक्यातले गाव, नावानिशी देतो. लांडग्याच्या बाबतीत तसे केलेले नाही. ‘दख्खन’ म्हणताना त्याच्या मनात कोणता मुलूख होता, ते मात्र दुसऱ्या कागदावरून ठरवता येते. 1837 साली ब्रिटिश असोसिएशनच्या लिव्हरपूल अधिवेशनासाठी त्याने दख्खनच्या चार कलेक्टरींचा अहवाल सादर केला. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या त्या चार. तेव्हा ‘कॅनिस पॅलिपेस’चा मूळ मुलूख हा आहे आणि नगरचा माळ त्यात येतो. एवढे विधान साधार आहे. तो लांडगा नगरचाच होता असे म्हणणे मात्र कागदाच्या पुढे जाणे होईल.

एकाच घरात चार

त्याच यादीत साइक्सने आणखी तीन रानटी प्राणी ‘कॅनिस’ या एकाच प्रजातीत, म्हणजे जातींच्या एकाच गटात, घातले: कोल्हा, खोकड आणि कोळसून. कोल्ह्याचे नाव लिनियसने आधीच ठरवलेले होते. खोकड आणि कोळसून यांना साइक्सने नवी नावे दिली, ‘कॅनिस कोक्री’ आणि ‘कॅनिस दुखुनेन्सिस’. कोळसुनाबद्दल त्याने आवर्जून लिहिले, की याचा चेहरा कोल्हा, खोकड, लांडगा यांपैकी कोणासारखाच नाही.

दोन्ही नावांचे पुढे जे झाले ते शिकण्यासारखे आहे. वर्गीकरणाच्या ग्रंथात प्रत्येक जातीच्या नावाखाली जुन्या नावांची यादी असते. सातबाऱ्यावरच्या फेरफार नोंदींसारखी ती वाचायची असते: कोणी, कधी, कशाच्या आधारे नाव बदलले. खोकडाची नोंद पाहिली तर इंग्लंडमध्ये जॉर्ज शॉ याने 1800 सालीच या प्राण्याला ‘बेंगालेन्सिस’ म्हटले होते. आधीचे नाव चालते, नंतरचे बाद होते, हा शास्त्रीय नामकरणाचा नियम आहे. म्हणून ‘कोक्री’ गेले. प्राणीही ‘व्हल्पेस’ या खोकडांच्या प्रजातीत गेला.

कोळसुनाचा फेरफार दातांवरून झाला. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या खालच्या जबड्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढा असतात. शेवटची अगदी लहान, हरभऱ्याच्या डाळीएवढी. कोळसुनाच्या जबड्यात ती तिसरी दाढ नसतेच. त्याचे एकूण दात 40, लांडग्याचे 42. ब्रायन हॉजसन याने 1838 साली कोळसुनासाठी ‘क्युऑन’ ही वेगळी प्रजाती केली. पुढे दख्खनचा कोळसून आणि पॅलस याने 1811 साली उत्तर आशियातून वर्णन केलेला ‘अल्पाइनस’ हे एकाच जातीचे ठरले. साइक्सचे ‘दुखुनेन्सिस’ तेवढे उपजातीचे नाव म्हणून उरले.

इथवरचे सगळे निर्णय साम्य आणि भेद यांवर झाले. 1831 साली दुसरा मार्गच नव्हता. जाती अचल आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानत. डार्विनचा ग्रंथ यायला अजून 28 वर्षे होती. त्या ग्रंथाने वर्गीकरणाचा अर्थ बदलला. दोन प्राणी एका गटात का ठेवायचे? तर त्यांचा पूर्वज एक होता म्हणून. पण पूर्वज एक होता हे सिद्ध कसे करायचे, याची शिस्त यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

कोणते साम्य ग्राह्य धरायचे

ही शिस्त विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने 1950 साली मांडली आणि 1966 च्या इंग्रजी ग्रंथानंतर ती जगभर पसरली. सगळे साम्य सारख्या वजनाचे नसते, हे तिचे मर्म. फार जुन्या पूर्वजाकडून सगळ्यांनाच मिळालेले लक्षण जवळचे नाते दाखवत नाही. लांडगा, खोकड, कोल्हा या सगळ्यांना 42 दात आहेत. त्यावरून त्यांच्यात कोण कोणाला जवळचा ते कळत नाही. एकाच शाखेत नव्याने उगवलेले आणि त्या शाखेतल्या सगळ्यांकडे आलेले लक्षण हाच खरा पुरावा. आणि एखाद्याने एकट्यानेच कमावलेले लक्षण? कोळसुनाची नसलेली दाढ तशी आहे. सगळे कोळसून एका घरचे, एवढे ती सांगते. त्यांचा जवळचा भाऊबंद कोण, याबद्दल ती गप्प असते.

ते उत्तर डीएनएने दिले. 2005 साली ‘नेचर’मध्ये कुत्र्याचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला. त्या लेखातच कुत्रवर्गीयांचा वंशवृक्षही होता. त्यात कोळसून लांडगा, कोल्हा यांच्या फांदीच्या जवळ येतो आणि ज्यांना आपण बिनदिक्कत ‘कॅनिस’ म्हणत होतो ते आफ्रिकेतले काळ्या पाठीचे कोल्हे त्याच्याही बाहेर पडतात. चेहऱ्याने लांडग्याशी न जुळणारा कोळसून रक्ताने जवळचा निघाला. चेहऱ्याने कोल्ह्याशी जुळणारा आफ्रिकी प्राणी दूरचा निघाला. आज त्या आफ्रिकी कोल्ह्यांना ‘लुप्युलेला’ या वेगळ्या प्रजातीत ठेवतात.

2015 साली तसाच दुसरा धक्का बसला. आफ्रिकेतला सोनेरी कोल्हा आणि आपल्याकडचा कोल्हा इतके सारखे दिसतात, की दोघांना एकच जात मानत. जीनोम तपासल्यावर आफ्रिकेतला प्राणी लांडग्याच्या अधिक जवळचा निघाला.

लांडग्याची पदावनती

आता मूळ प्रश्नाकडे. ‘कॅनिस पॅलिपेस’ शंभर वर्षे स्वतंत्र जात म्हणून नांदली. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरच्या ग्रंथमालेचा सस्तन प्राण्यांचा खंड विल्यम ब्लॅनफर्डने लिहिला. 1888 पासून निघालेल्या त्या खंडातही ती जात म्हणूनच येते. युरोपातल्या लांडग्यापेक्षा लहान अंगलट आणि दाट आतली लव नसणे, असे फरक सांगितले जात. युरोपचा लांडगा म्हणजे ‘कॅनिस ल्युपस’, लिनियसने 1758 साली नाव दिलेला.

1935 साली रेजिनाल्ड पोकॉक याने जगभरच्या लांडग्यांच्या कातड्या आणि कवट्या शेजारी शेजारी मांडून तपासल्या. त्याचा निष्कर्ष: हे सगळे एकाच जातीचे, प्रदेशागणिक थोडे बदललेले. ‘पॅलिपेस’ ही उपजात झाली आणि तिची हद्द हिंदुस्थानापासून इराण, इराकपर्यंत मानली गेली.

पोकॉकच्या युक्तिवादात जोर होता. नगरच्या उन्हाळ्यात राहणाऱ्या लांडग्याला दाट लव नसणार आणि थंड मुलखातला लांडगा थोराड असणार. हवामानाप्रमाणे असे फरक कोणत्याही वंशात येऊ शकतात. त्यामुळे ते नाते सिद्ध करायला कमी पडतात. पण हाच युक्तिवाद उलट दिशेनेही लागू होतो, आणि तिकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. दख्खनचा आणि इराणचा लांडगा दोघेही लहान आणि विरळ केसांचे, एवढ्यावरून ते एका घरचे ठरत नाहीत. दोघेही उष्ण, कोरड्या मुलखातले आहेत, एवढेच त्यावरून म्हणता येते. कातडी आणि कवटी या दोन साक्षीदारांची साक्ष इथे संपते.

2004: आईकडचा धागा

2004 साली दिनेश शर्मा, जीझस माल्डोनाडो, यादवेंद्रदेव झाला आणि रॉबर्ट फ्लायशर यांचा शोधनिबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्यांनी भारतीय द्वीपकल्पातल्या मैदानी भागांतले 45 आणि हिमालय-तिबेटकडचे 23 लांडगे तपासले. नमुन्यांत ताजेही होते आणि जुने, जपून ठेवलेलेही. पेशीतल्या मायटोकाँड्रियाचा डीएनए त्यांनी वाचला. हा डीएनए फक्त आईकडून येतो, बापाच्या डीएनएशी मिसळत नाही, म्हणून आई, आजी, पणजी असा सरळ माग त्यातून काढता येतो.

निकाल ठळक होता. सगळ्या 45 मैदानी लांडग्यांत मिळून या डीएनएचे केवळ चार प्रकार निघाले, चारही एकमेकांच्या अगदी जवळचे. जगातले तोवर तपासलेले लांडगे आणि कुत्रे एका फांदीवर, आणि आपले मैदानी लांडगे तिच्या शेजारच्या, स्वतंत्र फांदीवर. दोन फांद्या वेगळ्या होऊन 4 लाखांहून अधिक वर्षे झाली असावीत, असा अंदाज निघाला. हिमालयातला एक वंश त्याहून आधी, 8 लाखांहून अधिक वर्षांपूर्वी, वेगळा झालेला दिसला. तपासलेल्या 37 कुत्र्यांपैकी एकातही या दोन वंशांचा डीएनए नव्हता. आपल्या गल्लीतला कुत्रा दख्खनच्या लांडग्यापासून माणसाळला, याला या कागदात काही आधार नाही.

2007 साली हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या अभ्यासकांसह रमेश अग्रवाल यांनी पुढचे पाऊल टाकले आणि मैदानी लांडग्याला ‘कॅनिस इंडिका’ ही स्वतंत्र जात मानावे, असे सुचवले. वेगळेपणाचा मुद्दा दखल घेण्यासारखा होता. नावाच्या बाबतीत मात्र 1831 चा कागद आडवा येतो. ‘पॅलिपेस’ हे नाव इराणच्या नव्हे, दख्खनच्या लांडग्याला दिलेले आहे. पोकॉकने त्याची हद्द पश्चिमेकडे नेली असली तरी नावाचे मूळ इथेच आहे. म्हणून दख्खनचा लांडगा वेगळी जात ठरला, तर ‘पॅलिपेस’ त्याच्याकडेच राहील आणि दुसरे नाव शोधावे लागेल ते पश्चिम आशियातल्या लांडग्यासाठी.

2021: सगळा जीनोम

आईकडच्या डीएनएची एक मर्यादा आहे. तो हजारो जनुकांपैकी एकाच धाग्याचा इतिहास सांगतो. दोन वंशांत अधूनमधून संकर झाला असेल, तर एका धाग्यावरून संपूर्ण वंशाबद्दल निकाल देणे धोक्याचे असते. म्हणून लॉरेन हेनेली, देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतले बिलाल हबीब, बेंजामिन सॅक्स आणि सहकाऱ्यांनी चार भारतीय आणि दोन तिबेटी लांडग्यांचे संपूर्ण जीनोम वाचले आणि आधी उपलब्ध असलेल्या 31 कुत्रवर्गीयांच्या जीनोमशी ताडून पाहिले. हा निबंध 2021 साली ‘मॉलेक्युलर इकॉलॉजी’त आला.

त्यांची पद्धत समजून घेण्याजोगी आहे. पिल्लाला आईबापांकडून गुणसूत्रे मिळण्याआधी त्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते. ही अदलाबदल सगळीकडे सारखी होत नाही; काही भागांत वारंवार होते, काही भागांत क्वचित. परक्या वंशातून आलेला डीएनएचा तुकडा, अदलाबदल जास्त असलेल्या भागात, आपल्या शेजारच्या अपायकारक जनुकांपासून लवकर सुटतो आणि टिकून राहतो. कमी अदलाबदलीच्या भागात त्याला तसे सुटता येत नाही. अपायकारक शेजाऱ्यासकट तो निवडीत गळून जातो. म्हणून जुने नाते पाहायचे तर कमी अदलाबदलीचे भाग वाचावेत आणि संकराच्या खुणा जास्त अदलाबदलीच्या भागांत शोधाव्यात. एकाच जीनोममध्ये हे दोन वेगळ्या प्रतीचे दस्तऐवज आहेत. त्यांचे वजन वेगळे करून पाहणे, ही कोणत्याही इतिहासकाराला ओळखीची वाटावी अशी चिकित्सा आहे.

तशी चिकित्सा केल्यावर भारतीय आणि तिबेटी हे दोन्ही लांडगे एकमेकांपासून आणि उत्तर गोलार्धात पसरलेल्या इतर लांडग्यांपासून वेगळे ठरले. दोन्ही फांद्या वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ फुटलेल्या दिसल्या. आईकडच्या डीएनएत तिबेटी फांदी सर्वात आधी फुटते. संपूर्ण जीनोममध्ये मात्र भारतीय लांडग्याची फांदी सर्वात आधीची असण्याची शक्यता दिसली. ही स्वतंत्र जात आहे का, यावर लेखकांनी निकाल दिलेला नाही. त्यासाठी अधिक अभ्यास हवा, आणि तो तातडीने हवा, असे त्यांनी म्हटले आहे, कारण जगातल्या सर्वात संकटग्रस्त लांडग्यांत या लांडग्याची गणना होते.

काय सिद्ध झाले

या कागदांचे वाचन करताना एक चूक वारंवार होते. फांदी आधी फुटली म्हणजे प्राणी ‘आदिम’ आहे, किंवा तो इतर लांडग्यांचा पूर्वज आहे, असे अनेकदा छापून येते. ते खरे नाही. एका ठिकाणी दोन फांद्या फुटल्या, तर दोन्हींचे वय सारखेच असते. दख्खनचा लांडगा युरोपातल्या लांडग्याचा आजोबा नाही. फार पूर्वी विभक्त झालेल्या घराण्याचा तो आजचा वारस आहे. उन्हात, गवतात, मेंढपाळांच्या वाड्यांच्या कडेकडेने त्याने आपला स्वतंत्र इतिहास घडवला आहे. हा वंश संपला तर युरोप-अमेरिकेत कितीही लांडगे असले तरी ती फांदी परत येणार नाही.

लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नगर आणि सोलापूर जिल्ह्यांत 1979 साली माळढोक अभयारण्य झाले आणि कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 साली काळवीट अभयारण्य झाले. रेहेकुरी मात्र जेमतेम दोन चौरस किलोमीटर आहे. दिवसरात्र मैलोन्मैल फिरणारा लांडगा अशा कुंपणात मावत नाही. बिलाल हबीब यांनी सोलापूरकडच्या माळावर पिल्ले वाढवणाऱ्या लांडग्यांचा माग ठेवला आहे. शेते, वस्त्या, चराऊ रान यांच्या मधोमध हे प्राणी राहतात आणि माणसाचा त्रास वाढला की पिल्ले उचलून जागा बदलतात, हे त्यातून दिसले.

सरकारी दप्तरात आपला माळ बहुतेक वेळा पडीक म्हणून लिहिला जातो, आणि पडीक म्हटले की झाडे लावायला, खाणीला, प्लॉट पाडायला तो मोकळा ठरतो. सावेडीच्या उत्तरेकडच्या माळांवर आज हेच चालले आहे. 1831 ची नोंद, 2004 चे 45 लांडगे आणि 2021 चे जीनोम एकत्र वाचले, तर त्या जमिनीवर आपणच लिहिलेला हा शेरा चुकीचा ठरतो. लांडग्यांच्या जगातली एक फार पूर्वी वेगळी झालेली फांदी ज्या अधिवासात टिकली, तो हा माळ आहे. नगरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, वनखात्याने आणि धनगर समाजाच्या जाणत्या मंडळींनी मिळून माळावरच्या लांडग्यांची पद्धतशीर नोंद ठेवली पाहिजे: कुठे दिसला, किती होते, कोणत्या महिन्यात, पिल्ले होती का. विष्ठेतूनही डीएनए मिळतो. त्यासाठी प्राणी पकडावा लागत नाही. ‘कॅनिस पॅलिपेस’ला पुन्हा जातीचा दर्जा द्यायचा का, हा निर्णय ज्या पुराव्यावर होणार आहे त्यातला मोठा भाग याच चार जुन्या कलेक्टरींच्या माळांवरून जायला हवा, आणि तो गोळा करणे आपल्या हातात आहे.